पडद्यावरील गावांचा स्थपती

चित्रपट पाहून घरी परतताना मुले बहुधा नटनटींविषयीच बोलतात. अमक्याने काम कसे केले, तमकीचा आवाज किती गोड होता, घोड्यावरून उडी कोणी घेतली, हीच चर्चा वाटेभर चालते. ज्या घरात ती मंडळी वावरली ते घर कोणी बांधले, न्यायालयाचा तो जिना कोणी आखला, खिडकीबाहेर दिसणारे शहर तेथे कोणी आणून ठेविले, हा प्रश्न क्वचितच कोणास सुचतो. ज्याने हे सर्व उभे केले त्यास या विस्मरणाचे वाईट वाटत नाही. प्रेक्षकाने घर पाहावे आणि ते मुद्दाम बांधलेले आहे ही शंकाही त्याच्या मनात येऊ नये, यासाठीच तर त्याची सारी धडपड असते.

अशा कारागिरास कलादिग्दर्शक म्हणतात. अमेरिकेतील हॉलिवूड येथे सुमारे सत्तर वर्षे हा व्यवसाय करणाऱ्या हेन्री बमस्टेड यांच्या चरित्रावरून या कामाची ओळख करून घेण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांजवळ राजवाड्याचा एक, रस्त्याचा एक आणि अरण्याचा एक असे रंगविलेले पडदे असत, व तेच पडदे पुष्कळ नाटकांस चालवून घेत. प्रेक्षक दूर बसलेला असे. त्याची कल्पना उरलेली उणीव भरून काढी. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. तो नटाच्या पापणीपर्यंत जाऊन पोहोचतो, भिंतीवरील भेग मोजतो, दाराची कडी पाहतो. त्याच्यापुढे रंगविलेला पडदा टिकत नाही.

म्हणून पटकथा हाती येताच कलादिग्दर्शक ती वाचून तीत येणाऱ्या स्थळांची यादी करतो. कोणते स्थळ प्रत्यक्ष जाऊन टिपावयाचे आणि कोणते स्टुडिओत बांधावयाचे, हे दिग्दर्शक व निर्माता यांच्याशी बोलून ठरते. मग शोध सुरू होतो. त्या काळची घरे कशी होती, दुकानांच्या पाट्या कशा असत, दिवे तेलाचे होते की विजेचे, हे तो जुनी छायाचित्रे व पुस्तके यांतून आणि प्रत्यक्ष प्रवास करून शोधतो. त्यानंतर रेखाचित्रे होतात, मापांसह नकाशे होतात, कधी पुठ्ठ्याची लहान प्रतिकृतीही करतात. खर्चाचा अंदाज मंजूर झाला म्हणजे सुतार, गिलावा करणारे आणि रंगारी कामास लागतात. कॅमेऱ्यास वाट मिळावी म्हणून भिंती हलविता येतील अशा करतात, आणि वरून प्रकाश सोडता यावा म्हणून पुष्कळदा छप्पर घालीतच नाहीत. शेवटचे काम सर्वांत नाजूक असते. कालच रंधलेली फळी पन्नास वर्षांची दिसावयास हवी. उन्हाने विटलेला रंग, पावसाच्या पाण्याचे ओघळ, हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेला कठड्याचा काठ, हे सर्व रंगाऱ्याच्या कुंचल्याने दाखवावे लागते. नंतर सजावटकार खुर्च्या, पडदे, भांडी व घड्याळे मांडतो, आणि मग कोठे नट त्या घरात पाऊल टाकतो.

हेन्री बमस्टेड यांचा जन्म १७ मार्च १९१५ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील ऑन्टॅरिओ या गावी झाला. लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिक्षण घेऊन १९३७ साली ते पॅरामाउंट या चित्रसंस्थेच्या कला विभागात आरेखक म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या कल्पनांचे मोजमापासह नकाशे काढून देणारा म्हणून, रुजू झाले. त्या विभागाचे प्रमुख हान्स ड्रायर हे होते. ड्रायर यांचा जन्म जर्मनीतील ब्रेमेन येथला. ते मूळचे वास्तुशिल्पी असून जर्मनीतील उफा या चित्रसंस्थेत काम करून १९२३ साली अमेरिकेस आले होते. त्यांचा विभाग वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीसारखा शिस्तीने चाले. तेथे नवख्या मुलास एकदम राजवाडा आखावयास मिळत नसे. आधी दार, मग खिडकी, मग जिन्याचा कठडा, अशा क्रमाने हात तयार होई.

मध्यंतरी दुसरे महायुद्ध आले आणि बमस्टेड यांनी अमेरिकेच्या आरमारात नोकरी केली. युद्ध संपल्यावर ते पुन्हा आपल्या मेजाशी येऊन बसले. कलादिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव पडद्यावर प्रथम झळकले ते १९४८ सालच्या ‘सायगॉन’ या चित्रपटात. १९३७ ते १९४८ ही अकरा वर्षे होतात. परीक्षा होऊन महिना झाला नाही तोच ज्यांस निकालाची तळमळ लागते, त्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा मनाशी करून पाहावा.

‘द मॅन हू न्यू टू मच’ या १९५६ च्या चित्रपटाच्या निमित्ताने विख्यात दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्याशी त्यांचा संबंध आला. त्यातील कथा मोरोक्कोतील मर्राकेश आणि लंडन या दोन शहरांत घडते. यानंतर दोनच वर्षांनी ‘व्हर्टिगो’ आला. उंचीचे भय वाटणाऱ्या एका निवृत्त पोलिस गुप्तहेराची ही गोष्ट सान फ्रान्सिस्को शहरात घडते. नायकाच्या घराचे दार त्या शहरातील खऱ्या रस्त्यावर टिपलेले आहे. पण दार उघडून आत गेल्यावर जी बैठकीची खोली दिसते ती शेकडो मैलांवर, हॉलिवूडच्या स्टुडिओत आहे. तिच्या खिडकीतून दिसणारा उंच बुरूजही तेथलाच. शहरातील एक नामांकित उपाहारगृहही स्टुडिओत हुबेहूब उभे केले गेले.

त्याच चित्रपटात एका जुन्या मिशनचा घंटाघराचा मनोरा आहे, आणि कथेचा सारा भार त्या मनोऱ्यावर आहे. सान हुआन बाउतिस्ता येथील ते मिशन खरे आहे. पण चित्रात दिसतो तसा उंच मनोरा चित्रणाच्या वेळी तेथे नव्हताच. तो चित्रकाराच्या कुंचल्याने आणि लहान प्रतिकृतीने चित्रात चढविला आहे. नायक जिन्यावरून खाली पाहतो तेव्हा जिना एकाएकी ताणला जातो व प्रेक्षकास भोवळ येते. हा परिणाम खऱ्या उंच जिन्यावर यंत्राने कॅमेरा टांगून साधावयाचा तर सुमारे ५०,००० डॉलर खर्च येईल असा अंदाज निघाला. पण त्या जिन्यात माणूस तर दिसावयाचा नव्हता! तेव्हा जिन्याची लहान प्रतिकृती करून ती जमिनीवर आडवी ठेविली आणि कॅमेरा तिच्यासमोर सरळ मागेपुढे चालविला. खर्च आला १९,००० डॉलर. अडचण नेमकी कोठे आहे हे जाणणे म्हणजे अर्धी अडचण दूर करणे होय, याचे हे चांगले उदाहरण आहे. ‘व्हर्टिगो’साठी हॅल पेरेरा यांच्यासह बमस्टेड यांचे नाव अकादमी पुरस्कारासाठी, म्हणजे ज्यास लोक ‘ऑस्कर’ म्हणतात त्यासाठी, सुचविले गेले. पण पुरस्कार मिळाला नाही.

तो मिळाला पुढील कामास, आणि त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

१९६० साली हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत, एका लहान गावी ही कथा घडते. एका निरपराध कृष्णवर्णीय माणसावर खोटा आरोप येतो. ॲटिकस फिंच नावाचा गोरा वकील गावाचा रोष पत्करून त्याचा बचाव करतो, निरपराधित्व लख्ख सिद्ध करून दाखवितो, आणि तरीही पंच त्या माणसास दोषी ठरवितात. हे सारे वकिलाची लहान मुले पाहत असतात. या कादंबरीवर रॉबर्ट मलिगन यांनी चित्रपट काढावयाचे ठरविले, तेव्हा बमस्टेड १९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात अलाबामातील मन्रोव्हिल या गावी गेले. हे हार्पर ली यांचे जन्मगाव, व कादंबरीतील गाव त्यावरूनच घेतलेले. स्वतः लेखिकेने त्यांस गाव दाखविले.

परंतु गाव आता तीस वर्षांपूर्वीचे राहिले नव्हते. तेथे चित्रण होणे शक्य नव्हते, म्हणून कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल या संस्थेच्या आवारात जुने मन्रोव्हिल नव्याने उभारण्याचे ठरले. रस्त्यावरील घरे लाकडाची व जुनी हवी होती. योगायोगाने लॉस एंजेलिस शहरात तशीच डझनभर जुनी लाकडी घरे पाडली जाणार होती. बमस्टेड यांनी ती विकत घेवविली, उचलून आवारात आणविली, एका ओळीत बसविली आणि त्यांस दक्षिणेतील घरांसारख्या ओसऱ्या जोडल्या. खर्च वाचला. शिवाय, पावसाळे सोसलेल्या खऱ्या लाकडावर जी कळा असते तीही आपोआप मिळाली.

आता न्यायालय. मन्रोव्हिलचे जुने न्यायालय या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, १९०३-०४ च्या सुमारास बांधलेले. त्याची मुख्य खोली लांबट गोलाकार असून तिच्या भोवती वर एक सज्जा आहे. बमस्टेड यांनी तिची मापे घेतली, छायाचित्रे घेतली, आणि स्टुडिओत तशीच खोली बांधून काढली. ती इतकी खरी उतरली की पुढे मन्रोव्हिलचे न्यायालय पाहावयास येणाऱ्या कित्येकांस चित्रपट येथेच टिपला असे वाटू लागले. वास्तविक त्याचा एकही प्रसंग त्या खोलीत टिपलेला नाही.

एवढी मापे घेण्याची काय आवश्यकता होती, असे कोणी विचारील. न्यायालयाची खोली म्हटली म्हणजे न्यायाधीशाचे आसन, साक्षीदाराचा पिंजरा आणि चार बाके, एवढे पुरे नव्हते काय? याचे उत्तर त्या सज्जात आहे. दक्षिणेतील राज्यांत त्या काळी गोऱ्यांनी व कृष्णवर्णीयांनी एकत्र बसू नये असा दंडक होता. न्यायालयात खालची जागा गोऱ्यांची, वरचा सज्जा कृष्णवर्णीयांचा. ज्यांच्या माणसाच्या जिवाचा निवाडा खाली होत आहे त्यांनी तो वरून मुकाट्याने पाहावयाचा. वकिलाची मुलेही गर्दीमुळे त्यांच्याच शेजारी वर जाऊन बसतात. निकाल लागतो, खालची खोली रिकामी होते, आणि पराभूत वकील कागद आवरून एकटा दाराकडे चालू लागतो. त्या क्षणी सज्जातील सर्व माणसे एकही शब्द न बोलता उठून उभी राहतात. वकील वर पाहत नाही. त्यास ते ठाऊकही नसते.

चित्रपटातील हा सर्वांत थोर प्रसंग आहे. पण खोलीची रचना तशी नसती तर तो घडलाच नसता. सज्जा किती उंचीवर आहे, तेथून खालचा माणूस किती लहान दिसतो, दारापर्यंत जावयास त्यास किती पावले चालावे लागते, यावरच त्या प्रसंगाचा परिणाम अवलंबून आहे. अन्यायालाही एक घर असते. कोणी कोठे बसावे, कोणत्या जिन्याने चढावे, हे दगडविटांत बांधून ठेविलेले असते. बमस्टेड यांनी ते घर मोजून जसेच्या तसे लोकांपुढे ठेविले. त्यांनी ते अदमासाने, गोंडस करून बांधिले असते तर पाहणाऱ्यास म्हणता आले असते की ही तर गोष्ट आहे. आणि ती निव्वळ गतकाळची गोष्ट नव्हती. चित्रपट १९६२ च्या डिसेंबरात प्रकाशित झाला. १९६३ च्या एप्रिल महिन्याच्या आरंभी त्यास तीन ऑस्कर पुरस्कार मिळाले. नायकाचे काम करणारे ग्रेगरी पेक आणि पटकथाकार हॉर्टन फूट यांस एकेक, आणि तिसरा कलादिग्दर्शनासाठी. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की न्यायालयात वर्णावरून माणसांस वेगळे बसविणे घटनेविरुद्ध आहे. म्हणजे लोक पडद्यावर तो सज्जा पाहत होते तेव्हा खरे सज्जेही तसेच भरत होते.

हा पुरस्कार बमस्टेड यांस अलेक्झांडर गोलिट्झेन व सजावटकार ऑलिव्हर एमर्ट यांच्यासह मिळाला. हे काम एकट्याचे कधीच नसते, हे यावरूनही ध्यानात येईल.

पुढील काळात त्यांचा दोन दिग्दर्शकांशी विशेष स्नेह जमला. एक जॉर्ज रॉय हिल. त्यांच्या १९७३ च्या ‘द स्टिंग’ या चित्रपटात १९३६ चे शिकागो शहर दाखवावयाचे होते. मंदीचा काळ, म्हणून भडक रंग वर्ज्य करून तपकिरी, मातकट व गडद तांबूस छटांत सारे शहर रंगविले गेले, आणि नटांचे कपडेही त्याच मेळाचे ठेविले. बमस्टेड यांस त्याबद्दल दुसरे ऑस्कर मिळाले.

दुसरे स्नेही क्लिंट ईस्टवूड. त्यांच्या ‘हाय प्लेन्स ड्रिफ्टर’ या १९७३ च्याच चित्रपटासाठी कॅलिफोर्नियातील मोनो या खाऱ्या सरोवराच्या काठी, ओसाड माळावर, एक संपूर्ण गाव वसविले गेले. चौदा घरे, एक चर्च आणि एक दुमजली हॉटेल. ही नुसती दर्शनी भिंत नव्हती. आतील प्रसंगही तेथेच टिपावयाचे असल्यामुळे प्रत्येक इमारत आतबाहेर पुरी बांधली होती. पन्नासांहून अधिक कामकऱ्यांनी हे गाव अठरा दिवसांत उभे केले. कथेत हे गाव लाल रंगाने रंगवितात आणि शेवटी त्यास आग लागते. आज त्या काठावर ते गाव नाही.

ईस्टवूड यांच्या ‘अनफर्गिव्हन’ या १९९२ च्या चित्रपटासाठी बमस्टेड यांनी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात असेच एक गाव बांधिले. तेव्हा त्यांचे वय शहात्तर होते. ज्या वयात मनुष्य अंगणातील आरामखुर्ची सोडीत नाही त्या वयात हा गृहस्थ माळावर उभा राहून सुतारांस खुणा दाखवीत होता. याही कामासाठी ऑस्करकरिता त्यांचे नाव निघाले. मित्रमंडळी त्यांस लाडाने ‘बमी’ म्हणत. शंभरावर चित्रपटांचे काम त्यांच्या हातून झाले.

त्यांच्या अखेरच्या दोन कामांविषयी सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. १९४५ साली पॅसिफिक महासागरातील इवो जिमा या बेटावर अमेरिकन व जपानी सैन्यांत घनघोर युद्ध झाले. ईस्टवूड यांनी त्यावर दोन चित्रपट काढिले. ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ अमेरिकन सैनिकांच्या बाजूने, आणि ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ जपानी सैनिकांच्या बाजूने व जपानी भाषेत. बेटावरील काळ्या ज्वालामुखी वाळूचा किनारा आइसलँडमध्ये सापडला. ज्या महायुद्धात बमस्टेड यांनी स्वतः अमेरिकेच्या आरमाराचा गणवेश घातला होता त्याच युद्धातील शत्रूची भुयारे आता त्यांस वयाच्या नव्वदीत रेखावयाची होती. दुसऱ्या चित्रपटाचे काम त्यांनी जेम्स मुराकामी या आपल्या धाकट्या सहकाऱ्याबरोबर केले. २४ मे २००६ रोजी पॅसाडेना येथे, एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दोन्ही चित्रपट त्यांच्या मागून त्याच वर्षी प्रकाशित झाले, आणि ईस्टवूड यांचे पुढील काम मुराकामी यांनी हाती घेतले. ड्रायर यांच्या मेजापासून निघालेली विद्या अशी तिसऱ्या हाती गेली.

आता पालकांस दोन शब्द. मुलगा वहीच्या कडेला घरे व झाडे काढीत बसला तर आपण त्यास रागावतो, आणि चित्रकलेचा तास हा गणिताच्या तासाचा चोर आहे असे समजतो. बमस्टेड यांचे सारे आयुष्य पाहिले तर चित्रकला व गणित यांत असे वैर नाही असे आढळेल. त्यांच्या नकाशातील एक माप चुकते तर सुताराची फळी वाया जाती, दार बसते ना, आणि शंभर माणसे हात जोडून बसती. कल्पना त्यांच्याजवळ होतीच. पण तिला फूटपट्टीचा धाक होता.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस एक अभ्यास सांगतो. येत्या सुट्टीपूर्वी आपल्या वर्गाच्या खोलीचे माप घ्या. लांबी, रुंदी, दाराची उंची, खिडकीचा उंबरठा जमिनीपासून किती वर आहे ते लिहा. मग एका फुटास पाव इंच असे प्रमाण धरून नकाशा काढा. कला विभागात पुष्कळदा याच प्रमाणात नकाशे काढतात. ते झाल्यावर पुन्हा एकदा खोलीत फिरा आणि मापपट्टीस न सापडलेल्या गोष्टी टिपून ठेवा: बाकाचा कोणता कोपरा झिजला आहे, भिंतीचा रंग कोठे उडाला आहे, दुपारी ऊन कोणत्या बाकापर्यंत येते, आणि त्या खोलीत सर्वांच्या मागे नेहमी कोण बसतो.